काठावरची रेंज आणि गल्ल्याचा हिशेब

गिऱ्हाईक समोर उभे आहे. माल मोजून पिशवीत भरून झाला आहे. गिऱ्हाइकाने मोबाईल काढून काउंटरवरचा क्यूआर कोड स्कॅन केला, आकडा टाकला, पिन टाकला, आणि पडद्यावर गोल चक्र फिरू लागले. दुकानातला आवाजाचा डबा गप्प आहे. गिऱ्हाईक म्हणते, ‘माझ्या खात्यातून पैसे गेले.’ दुकानदार म्हणतो, ‘माझ्याकडे आले नाहीत.’ मागे आणखी दोघे उभे आहेत. आता माल द्यायचा की ठेवून घ्यायचा?

हा प्रश्न आज आपल्या बहुतेक व्यापारी आणि कारागीर बांधवांच्या रोजच्या अनुभवाचा झाला आहे. विशेषतः जे मोठ्या बाजारपेठेच्या मधोमध नाहीत, ज्यांचा गाळा वस्तीच्या टोकाला, खाडीच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी किंवा पत्र्याच्या शेडमध्ये आहे, त्यांना तर दिवसातून अनेकदा याला तोंड द्यावे लागते. पूर्वी मोबाईल ही बड्या लोकांची चैन होती. १९९५ साली मुंबईत मॅक्सटच आणि बीपीएल मोबाईल यांनी सेवा सुरू केली तेव्हा येणाऱ्या कॉलचेही पैसे द्यावे लागत. ते २००३ साली बंद झाले. त्या काळी रेंज गेली तर माणूस शेजारच्या पीसीओवर जाऊन बोलत असे. २०१६ साली यूपीआय आले आणि गल्ल्यातील निम्मी रोकड मोबाईलमध्ये शिरली. आता रेंज गेली की गल्लाच बंद पडतो. म्हणून रेंज म्हणजे नेमके काय आणि ती सुधारण्यासाठी कायद्यात राहून काय करता येते, हे दुकानदाराने वजनकाट्याइतकेच नीट समजून घ्यावे, असे आम्हाला वाटते.

यासाठी आपण कोपरचे उदाहरण घेऊ. हे कोपर म्हणजे दिवा आणि डोंबिवली यांच्या मधले रेल्वे स्थानक. ठाण्यातील कोपरी वेगळी आणि नवी मुंबईतील कोपरखैरणे वेगळे. ही नावे एकाच जिल्ह्यात असल्याने कंपनीच्या कॉल सेंटरला तक्रार करताना हमखास घोटाळा होऊ शकतो; त्याबद्दल पुढे सांगू. कोपर स्थानक दुमजली आहे. खालून मुंबई-कल्याण लोकल धावतात आणि वरून दिवा-वसई मार्ग जातो. याच वरच्या मार्गाने पुढचे स्थानक भिवंडी रोड. कौसा-मुंब्रा किंवा कल्याणकडून भिवंडीच्या कापडाच्या कामासाठी जाणाऱ्या अनेकांनी इथे गाडी बदललेली असेल. स्थानकाच्या पश्चिमेला वस्ती संपली की उल्हास खाडीचा पट्टा, तिवरे आणि पाणी. पलीकडे भिवंडी तालुक्यातील गोदामांची रांग. मोठागाव-माणकोली पूल २०२४ मध्ये खुला झाल्यावर हे दोन काठ रस्त्यानेही जवळ आले. वायरलेस लहरींसाठी मात्र ते आधीपासूनच जवळ होते, आणि अडचणीचे एक मूळ तिथेच आहे.

काठ म्हणजे नेमके कुठे?

मोबाईल टॉवर आपल्या भोवतीचा ठरावीक भाग सांभाळतो. शहराच्या मध्यात टॉवर काही शे मीटरवर असतात, त्यामुळे एकाचा भाग संपण्याआधी दुसऱ्याचा सुरू होतो. खाडीकाठी तसे होत नाही. पाण्यात टॉवर उभा राहत नाही. तिवरांमध्येही नाही, कारण मुंबई उच्च न्यायालयाने २००५ च्या आदेशाने आणि पुढे २०१८ च्या निकालाने तिवरांना आणि त्यांच्या भोवतीच्या ५० मीटर पट्ट्याला संरक्षण दिले आहे, आणि ते योग्यच आहे. म्हणजे टॉवर वस्तीतल्या एखाद्या इमारतीच्या गच्चीवरच हवा. तिथे सोसायटीची परवानगी, भाडे आणि रहिवाशांची भीती या तिन्ही गोष्टी आड येतात. टॉवरच्या किरणोत्साराची मर्यादा भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश करण्यात आली आहे. तरीही ‘आमच्या गच्चीवर नको, शेजारच्या गच्चीवर चालेल’ असे सगळेच म्हणतात, आणि मग रेंज नाही म्हणून तक्रारही सगळेच करतात.

आता दुसरी बाजू पाहा. जमिनीवर इमारती, झाडे आणि टेकड्या लहरींना अडवतात. पाण्यावर अडवायला काही नाही. त्यामुळे खाडीकाठच्या इमारतीत पलीकडच्या काठावरचे दूरचे टॉवरही स्पष्ट ऐकू येतात. ऐकायला हे चांगले वाटते. प्रत्यक्षात हा त्रास आहे. फोर-जीमध्ये एका कंपनीचे सगळे टॉवर सहसा एकाच लहरीवर बोलतात. जिथे एका टॉवरचा आवाज इतरांपेक्षा बराच मोठा आहे तिथे फोनला त्याचे बोलणे नीट समजते. पण जिथे दोन-तीन टॉवर सारख्याच आवाजात ऐकू येतात, तिथे फोनची अवस्था दोन लग्नांच्या बँडबाजाच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसासारखी होते. आवाज भरपूर, शब्द एकही कळत नाही. फोन कधी या टॉवरला धरतो, कधी त्या टॉवरला, आणि या ये-जा करण्यातच कॉल तुटतो.

यामुळेच खाडीसमोरच्या इमारतीत सातव्या मजल्यावर रेंजच्या काड्या जास्त दिसतात आणि बोलणे मात्र तळमजल्यावर बरे होते, असा उलटा अनुभव येऊ शकतो. मुंब्र्यात कारण वेगळे आहे. तिथे पारसिकच्या डोंगराची सावली पडते. ज्या दुकानाच्या आणि टॉवरच्या मधे डोंगराची सोंड आली, त्याला काड्याही नाहीत आणि बोलणेही नाही. १९१६ सालच्या पारसिक बोगद्यातून गाडी जाताना कॉल तुटतो, तो याच न्यायाने.

काड्यांवर विश्वास ठेवू नका

फोनच्या वरच्या कोपऱ्यात दिसणाऱ्या काड्या हे कंपन्यांनी ग्राहकाच्या समाधानासाठी काढलेले चित्र आहे. एका कंपनीच्या फोनमध्ये तीन काड्या म्हणजे जे, ते दुसऱ्यात दोन काड्या असू शकते. खरे माप डेसिबलमध्ये असते आणि ते प्रत्येक फोनमध्ये आत दडलेले असते. अँड्रॉईड फोनमध्ये सेटिंगमधील फोनविषयीच्या माहितीत सिमची स्थिती उघडली की सिग्नलचा आकडा दिसतो. आयफोनमध्ये *३००१#१२३४५#* हा क्रमांक लावला की चाचणीचे पान उघडते.

हा आकडा उणे असतो, म्हणून तो उलटा वाचायचा. उणे ८५ म्हणजे चांगले, उणे १०० म्हणजे काम चालेल, उणे ११० च्या पुढे गेले की आपण काठावर आहोत, आणि उणे १२० च्या आसपास फोन टॉवरचा हात सोडतो. दर १० डेसिबलला ताकद दहापट बदलते. म्हणजे उणे ८५ आणि उणे ११५ यांत हजारपटींचा फरक आहे, मग काड्यांमध्ये तो दोनचाच का दिसेना.

याच्या जोडीला आणखी एक आकडा असतो, तो दर्जाचा. आपल्या टॉवरचा आवाज बाकीच्या गोंगाटाच्या किती वर आहे, हे तो सांगतो. तो २० च्या आसपास असेल तर उत्तम, १० च्या जवळ असेल तर ठीक, आणि शून्याच्या खाली गेला तर ताकद कितीही असो, यूपीआयचे चक्र फिरतच राहणार. फोनमध्ये हा आकडा सरळ दिसला नाही तर सिग्नल मोजणारी मोफत ॲप मिळतात. कोपरसारख्या ठिकाणी ताकदीपेक्षा हा दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा आहे, हे दुकानदाराने लक्षात ठेवावे.

आणखी एक गोष्ट. टॉवर वीस-चाळीस वॉटच्या ताकदीने बोलतो. आपला फोन फार तर २०० मिलीवॉटने, म्हणजे एका वॉटच्या पाचव्या हिश्श्याने. टॉवरचे कान तीक्ष्ण असतात म्हणून एरवी संवाद जमतो. पण काठावर असे होते की टॉवरचे आपल्याला ऐकू येते आणि आपले टॉवरला ऐकू जात नाही. ‘हॅलो, हॅलो, मला ऐकू येतंय, तुम्हाला येतंय का?’ हा संवाद तिथलाच. असा फोन सतत पूर्ण ताकदीने ओरडत असतो, म्हणून तो गरम होतो आणि त्याची बॅटरी दुपारीच संपते. कारखान्यात बॅटरी लवकर जात असेल तर फोन जुना झाला असे लगेच समजू नये. आधी तिथला आकडा पाहावा.

गाळ्याच्या बांधणीचाही यात मोठा वाटा असतो. विटांची भिंत थोडे खाते, सिमेंट-लोखंडाचा स्लॅब बरेच खातो, आणि पत्र्याचे छप्पर तर लहरींना जवळजवळ परत पाठवते. पत्र्याच्या शेडमध्ये रेंज फक्त दारातून आणि खिडकीतून आत येते. त्यामुळे शटरच्या बाजूला असलेला शिलाई कारागीर बोलू शकतो आणि दहा पावलांवर आत बसलेला भरतकाम करणारा बोलू शकत नाही. लहरींमध्येही फरक आहे. ७००, ८०० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूर जातात आणि भिंतीतून शिरतात. २३०० च्या लवकर थकतात. फाइव्ह-जीच्या ३३०० च्या तर एका भिंतीतच दमतात.

बूस्टरचा मोह

रेंज नाही म्हटले की कोणीतरी हितचिंतक सांगतो, ‘बूस्टर बसव, दोन दिवसांत प्रश्न सुटेल.’ हा बूस्टर किंवा रिपीटर इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात मिळतो. बसवणारा येतो, गच्चीवर अँटेना, मधे एक डबा, दुकानात छोटी छत्री. काड्या भराभर वाढतात. दुकानदार खूश होतो.

आता गच्चीवर काय चालले आहे ते पाहू. हा स्वस्त डबा चांगला-वाईट असा भेद करत नाही. टॉवरचा आवाज वाढवतो, दुसऱ्या कंपन्यांच्या टॉवरचा वाढवतो आणि गोंगाटही तेवढाच वाढवतो. म्हणजे ताकदीचा आकडा सुधारतो, दर्जाचा आकडा तिथेच राहतो किंवा बिघडतो. त्याहून वाईट असे की हा डबा टॉवरच्या दिशेनेही बोलतो. कोणी फोनवर बोलत नसले तरी तो सतत खरखर पाठवत राहतो. दुकानातली छत्री आणि गच्चीवरचा अँटेना एकमेकांना ऐकू लागले, तर मशिदीच्या किंवा सभेच्या लाउडस्पीकरसमोर माइक नेल्यावर जशी शिट्टी वाजते तशी शिट्टी सुरू होते. ती आपल्या कानाला ऐकू येत नाही. टॉवरच्या कानात मात्र ती रात्रंदिवस वाजत राहते.

टॉवरचा कान असा बधिर झाला की सर्वात आधी कोणाचा आवाज हरवतो? जो सर्वात लांबून, सर्वात हळू बोलत आहे त्याचा. म्हणजे काठावर असलेल्या दुसऱ्या दुकानदाराचा. एका गाळ्याच्या बूस्टरमुळे त्याच टॉवरवर अवलंबून असलेली आसपासची कित्येक दुकाने आणि घरे तुटू शकतात, आणि त्यांना कारण कळतही नाही. मग तेही बूस्टर आणतात. एका गल्लीत असे चार डबे बसले की चारही जण एकमेकांचे नुकसान करत राहतात आणि शिव्या कंपनीला देतात. मोबाईल कंपन्यांची संघटना सीओएआय याबद्दल अनेक वर्षे तक्रार करीत आली आहे. कंपन्यांचे सगळेच म्हणणे मान्य करण्याची आमची सवय नाही, पण या एका बाबतीत त्यांची तक्रार खरी आहे.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून विनापरवाना वायरलेस यंत्र बाळगणे हा गुन्हा आहे आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही तेच धोरण ठेवले आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२२ मध्ये ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना जॅमर आणि बूस्टर विकू नका असे बजावले, आणि १ जुलै २०२२ रोजी जाहीर सूचना काढून सांगितले की परवानाधारक मोबाईल कंपनीखेरीज कोणीही बूस्टर बाळगणे, विकणे किंवा वापरणे बेकायदेशीर आहे. दूरसंचार खात्याची पथके मोजणी यंत्र घेऊन फिरतात आणि शिट्टी कोणत्या गच्चीवरून येते हे त्यांना सापडते. डबा जप्त होतो, दंडाची कारवाई होते. बसवणारा तोपर्यंत फोन उचलायचा बंद झालेला असतो. त्याने दिलेली ‘गव्हर्नमेंट अप्रूव्हड’ ही हमी कागदाच्या किमतीचीही नसते. ज्या बांधवांचा मोबाईल दुरुस्तीचा किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा धंदा आहे त्यांनी तर हा माल दुकानात ठेवूच नये. त्यात नफा दिसतो, पण पकडला जातो तो विकणाराच.

मग करायचे काय?

सर्वात स्वस्त उपाय आधी. दुकानात जर फायबरचे किंवा केबलचे इंटरनेट येत असेल तर अर्धे काम झाले. भारतात २०१९ च्या अखेरीपासून वाय-फाय कॉलिंगची सोय सुरू झाली आहे. फोनच्या सेटिंगमध्ये ती चालू केली की फोन टॉवरऐवजी दुकानातल्या वाय-फायवरून बोलतो, नंबर तोच, वेगळे ॲप नाही, वेगळे पैसे नाहीत. बहुतेक नव्या फोनमध्ये बँकेचे ओटीपीचे संदेशही त्यावरून येतात. आश्चर्य म्हणजे ही सोय फोनमध्ये असूनही असंख्य लोकांनी ती कधी चालू केलेली नाही. आवाजाचा डबा घेतानाही वाय-फायवर चालणारा मिळतो का ते विचारावे, कारण साध्या डब्यात स्वतःचे सिम असते आणि त्यालाही रेंज लागते. डबा काउंटरखाली, लोखंडी गल्ल्याच्या मागे ठेवला तर तो गप्पच राहणार. तो शटरच्या बाजूला, उंचावर, लोखंडापासून हातभर दूर ठेवून पाहावा. फुकटचा उपाय आहे आणि पुष्कळदा लागू पडतो.

दुसरा उपाय, फोनला फाइव्ह-जीचा हट्ट सोडायला लावणे. १ ऑक्टोबर २०२२ पासून फाइव्ह-जी आले, पण काठावर फोन एकदा फाइव्ह-जीला धरतो, एकदा फोर-जीला, आणि या ओढाताणीत पेमेंट अडकते. सेटिंगमध्ये फोर-जी निवडून दोन दिवस पाहावे. दोन सिमच्या फोनमध्ये दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवावीत. काही कंपन्यांचे टू-जी अजून चालू आहे, जिओकडे ते मुळातच नाही. म्हणून जोडी निवडताना एक सिम टू-जी असलेल्या कंपनीचे असावे. डेटा नसतानाही *९९# लावून किंवा फोन कॉलवरच्या यूपीआय १२३पे सेवेतून पैसे देता येतात, हे गिऱ्हाइकालाही सांगण्यासारखे आहे.

तिसरा उपाय जरा खर्चाचा आहे, पण ज्या कारखान्यात फायबर पोहोचत नाही तिथे तोच खरा. सिमवर चालणारा असा राउटर घ्यायचा, ज्याला बाहेरचा अँटेना जोडण्याची दोन तोंडे आहेत. गच्चीवर किंवा खिडकीबाहेर दिशादर्शक अँटेना लावायचा. यात लहरी वाढवणारा कोणताही डबा नसतो. अँटेना फक्त एका दिशेने नीट ऐकतो आणि त्याच दिशेने बोलतो, जसा माणूस कानामागे हात धरून ऐकतो तसा. टॉवरच्या कानात यामुळे शिट्टी वाजत नाही. उलट फोनची धडपड कमी होते. कारखान्यातले सगळे फोन मग राउटरच्या वाय-फायवर येतात आणि वाय-फाय कॉलिंगने बोलतात.

हे काम करणारे कारागीर आता ठिकठिकाणी आहेत, पण पुष्कळांची चूक एकाच ठिकाणी होते. ती केबलमध्ये. गच्चीवर दहा डेसिबल मिळवून देणारा अँटेना लावतात आणि खाली काउंटरपर्यंत दहा मीटर बारीक आरजी-५८ केबल सोडतात. फोर-जीच्या लहरींवर ही केबल दर मीटरला पाऊण ते एक डेसिबल खाते. म्हणजे अँटेनाने कमावले ते सगळे केबलने खाल्ले. जाड, कमी गळतीची एलएमआर-४०० केबल तेवढ्याच लांबीत दोनच डेसिबल खाते, पण ती महाग आणि वळवायला कठीण. शहाणपणाची रीत अशी की राउटरच वर, अँटेनाजवळ पाणबंद पेटीत बसवावा, मधली अँटेना-केबल हात-दीड हात ठेवावी आणि खाली साधी लॅन केबल आणावी. लॅन केबल १०० मीटरपर्यंत काही गमावत नाही आणि तिच्यातूनच राउटरला वीजही देता येते.

अँटेना दोन असावेत किंवा एकाच पेटीत दोन तारांचा असावा, कारण फोर-जी एकाच वेळी दोन वाटांनी माहिती आणते. वेगवेगळे असतील तर एक डावीकडे ४५ अंश, एक उजवीकडे ४५ अंश कलता ठेवावा. दिशा ठरवताना आधी केंद्र सरकारच्या तरंगसंचार या संकेतस्थळावर आपला पत्ता टाकून आसपासचे टॉवर कुठे आहेत ते पाहावे. मग अँटेना त्या बाजूला वळवून, बोटभर-बोटभर फिरवत राउटरच्या पानावरचा दर्जाचा आकडा वाचावा. ताकदीचा नव्हे, दर्जाचा. खाडीकाठी कधी असे निघते की जवळच्या टॉवरकडे तोंड केल्यावर पाठीमागचा गोंगाटही येतो, आणि थोडे बाजूला वळवल्यावर ताकद कमी होऊन दर्जा सुधारतो. अशा वेळी कमी ताकदीची जागाच निवडावी. ही चाचणी दुपारी करू नये. संध्याकाळी सात-आठच्या सुमारास, लोकल भरून येत असताना आणि सगळा मोहल्ला मोबाईलवर असताना करावी, कारण दुकानाची खरी वेळ तीच. शेवटी सगळ्या जोडांवर पाणी रोखणारी रबराची टेप घट्ट गुंडाळावी. जोडात ठाण्याचा पाऊस शिरला की हे सगळे श्रम एका जुलैत वाया जातात.

एकट्याने न परवडणारे काम चार-पाच गाळ्यांनी मिळून करावे. त्याहून मोठी इमारत किंवा मार्केट असेल तर कंपनीकडे लेखी मागणी करता येते की आमच्या आत तुमचे स्वतःचे छोटे टॉवर-यंत्र बसवा. हे कंपनी कायदेशीरपणे करू शकते. जागा आणि वीज देण्याची तयारी दाखवली तर बोलणी लवकर पुढे सरकतात. आणि हो, गच्चीवर टॉवर नको म्हणून सही करणाऱ्यांनी या मागणीवर सही करताना दोनदा विचार करावा.

तक्रार कशी करावी

‘आमच्याकडे रेंज नाही’ या वाक्याने काहीच होत नाही. १९८ वर तक्रार नोंदवताना ‘कोपर, डोंबिवली पश्चिम’ असे पूर्ण म्हणावे, पिनकोड आणि नकाशावरील ठिकाण द्यावे, नाहीतर तक्रार कोपरखैरण्याला जाऊन बंद होईल. तारीख, वेळ, डेसिबलचा आकडा आणि दर्जाचा आकडा सात दिवस वहीत लिहून ठेवावा. आपण उधारी लिहितोच, त्याच वहीच्या मागच्या पानावर. तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा. समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत अपील करावे, तिथेही झाले नाही तर केंद्राच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवर. ट्राय ही संस्था एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिला पत्र लिहून वेळ घालवू नये. मात्र १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या ट्रायच्या नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीने आपल्या संकेतस्थळावर रेंजचा नकाशा देणे बंधनकारक आहे. त्या नकाशात आपला गाळा रंगवलेला असेल आणि वहीत उणे ११८ लिहिले असेल, तर तक्रारीत हा फरकच मांडावा. त्याला उत्तर देणे कंपनीला भाग पडते.

कंपनी बदलायची असेल तर १९०० वर संदेश पाठवून नंबर तोच ठेवता येतो. पण आधी त्या कंपनीचे सिम असलेला फोन एका दिवसासाठी मागून घ्यावा आणि सकाळ, दुपार, रात्र काउंटरवरच तपासावा. एकदा बदलल्यावर ९० दिवस पुन्हा बदलता येत नाही.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे गेले आणि दुकानात पोहोचल्याची खूण आली नाही, तर काय? रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, व्यापाऱ्याला केलेल्या यूपीआय पेमेंटमध्ये पैसे कापले गेले आणि दुकानदाराला खात्री मिळाली नाही, तर बँकेने पाच दिवसांच्या आत ते गिऱ्हाइकाच्या खात्यात आपोआप परत करायचे असतात. त्याहून उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने गिऱ्हाइकाला द्यायची असते. म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे बुडत नाहीत, आणि दुकानदाराने संकोचून माल देण्याचीही गरज नाही. गिऱ्हाइकाच्या पडद्याचा फोटो पुरावा म्हणून धरू नये. असे फोटो बनवून मिळतात. आपल्या फोनवर, दुकानाच्या वाय-फायवरून, आपल्याच खात्याचा हिशेब उघडून पाहावा. नोंद आली असेल तर डबा गप्प असला तरी माल द्यावा. आली नसेल तर गिऱ्हाइकाला हा नियम समजावून सांगावा, व्यवहाराचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून घ्यावा, आणि ओळखीचे असेल तर माल देऊन उधारीत मांडावे. नेहमीच्या गिऱ्हाइकाशी पैशांवरून भर दुकानात वाद घालण्यापेक्षा पाच दिवसांची उधारी स्वस्त पडते. अनोळखी असेल तर पिशवी बाजूला ठेवून रोख मागण्यात कमीपणा नाही. सुट्ट्या पैशांचा डबा मात्र गल्ल्यात भरलेला असावा. तो रेंजवर चालत नाही.